सहावं वर्ष कोणी सांभाळायचं?

एरवी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो. आज आठवणीबरोबर थोडं मतही आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा.

मागच्या आठवड्यात रामबागेत एका मुंजीला गेलो होतो. बरोबर पुतणी होती. ती फिजिक्समध्ये पीएचडी करते, पाचवं वर्ष आहे. पंगतीत एका मावशींनी विचारलं, "अजून शिकूनच राहिली का ही?" ती हसली. परत येताना रिक्षात मात्र म्हणाली, "काका, आता मला कुठल्या समारंभाला नका नेऊ."

मावशींवर माझा राग नाही. हाच प्रश्न एकेकाळी मीही विचारला आहे.

१९८९ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ, म्हणजे हिचे बाबा, गणितात पीएचडी करत होता. तिसरं वर्ष चालू होतं. स्कॉलरशिप चार-चार महिने यायची नाही. वडील रिटायर झालेले, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी आणला, मीच भरला, त्यानं फक्त सही केली. पास झाला, मॅनेजर होऊन रिटायर झाला. घर झालं, सगळं झालं. कधी एका शब्दानं बोलला नाही. पण माळ्यावर एक ट्रंक आहे, ती तो कोणाला हलवू देत नाही. तिच्यात त्याच्या गणिताच्या वह्या आहेत.

आता पुतणीचं काम सांगतो, मला समजलं तेवढं. ती भट्टीत एक पदार्थ तयार करते. दहादा करावा तेव्हा एकदा मनासारखा जमतो. मग त्याची आतली रचना बघायला क्ष-किरण लागतात. त्यासाठी आपल्या गावातच कॅटमध्ये 'इंडस-२' आहे. १७२.५ मीटर घेराच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात. देशभरातून संशोधक मुलं तिथे येतात. आधी अर्ज करायचा, मग काही दिवस वाट्याला येतात. यंत्र रात्रीही चालतं, म्हणून मुलंही जागतात. नमुना बिघडला तर पुढच्या पाळीची वाट बघा. त्यानंतर पेपर, तो परत आला की सुधारणा, मग थिसिस, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि शेवटी तोंडी परीक्षा. याला आपण 'शिकून राहिली' म्हणतो. मंडळी, ही नोकरीच आहे, फक्त तिला नोकरीचं नाव नाही.

पगार म्हणाल तर नेट-जेआरएफवाल्यांना जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. कागदावर बरं दिसतं. पण ही फेलोशिप पाच वर्षांची. यूजीसीचा २०२२ चा नियम पीएचडीला सहा वर्षं देतो, मुलींना आणखी दोन मिळू शकतात. म्हणजे मुदत सहा वर्षांची आणि पैसे पाच वर्षांचे. प्रयोग करणाऱ्या बऱ्याच मुलांचं काम नेमकं या सहाव्या वर्षात अडकतं. हातात पैसे नाहीत, थिसिस अर्धा, आणि घरात स्थळांची चर्चा.

माझं म्हणणं एवढंच, की हे सहावं वर्ष घरानं सांभाळावं. भंवरकुआंला पीएससीच्या क्लासला मुलगा चार वर्षं बसला, तर आपण खोलीचं भाडं मुकाट भरतो. परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढतो. मग संशोधन करणाऱ्या मुलीच्या एका वर्षासाठी हात आखडता का?

जयंत नारळीकरांचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्यांचं घर आठवा. जन्म कोल्हापूरचा, वाढले बनारसला. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख. आपल्यासारखंच महाराष्ट्राबाहेरचं मराठी घर. त्या घरात फळा होता आणि मोरूमामा भाच्यासाठी त्यावर अवघड गणितं लिहून ठेवायचे. ते सोडवायला भाच्याला हवा तेवढा वेळ होता.

कोणी म्हणेल, पीएचडी करून नोकऱ्या कुठे आहेत? खरं आहे. कायमची जागा मिळायला आणखी काही वर्षं पोस्टडॉक करत गावोगाव फिरावं लागतं, तरी खात्री नाही. म्हणून ऊठसूट सगळ्यांनी पीएचडी करावी असं मी म्हणत नाही. सुरू करण्याआधी सगळं विचारा. गाइड कसे आहेत, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, पैसे कोण देणार. मध्येच मन उडालं, त्रास झाला, तर सोडण्यातही कमीपणा नाही. पण सोडायचं की नाही ते त्या मुलानं ठरवावं. माझ्या भावाच्या वेळी ते मी ठरवलं होतं.

पुतणीची फेलोशिप डिसेंबरात संपते. रविवारी भावाकडे गेलो, हाच विषय निघाला. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, हिच्यासाठी फॉर्म आणू नकोस."

नाही आणणार. माझी एक एफडी जानेवारीत सुटते आहे. वर्षाचा खर्च दोघं भाऊ मिळून करू असं ठरलं आहे. पुतणीला अजून सांगितलेलं नाही, ही पोस्ट वाचून कळेलच.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्याला 'कधी संपणार' हे विचारू नका. सध्या काय अडलंय ते विचारा. उत्तर समजलं नाही तरी ऐका. आणि अनुभव असतील तर खाली जरूर लिहा, तिला वाचून दाखवीन.