म्हैस विकून कॅमेरा घ्यावा का?



कळंबच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेल्या एका शेतकरी भावाने परवा विचारले, "पोरगं बारावी झालंय. फोटोग्राफी शिकायची म्हणतंय. पुण्याला वर्षाचा कोर्स आहे म्हणे, कॅमेरा आणखी वेगळा. त्याचा मामा म्हणतो, फोटो काढायला शाळा कशाला लागते, मोबाईलवर बघून शिकंल. म्हैस विकून पैसे उभे करावेत का नाही, तेवढं सांगा."

प्रश्न एका घरचा असला तरी आज पुष्कळ घरांत तो आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी दादासाहेब फाळक्यांचे पाहू. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. म्हणजे शाळा झाली. गोध्र्याला स्टुडिओ थाटला, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी केली. म्हणजे अनुभवही झाला. पण चित्रपट काढायचे मनात आले, तेव्हा ते शिकवणारी शाळाच आपल्या देशात नव्हती. मग पुस्तके वाचली, स्वतः धडपड केली आणि १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून विलायतेला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते थोड्या दिवसांत पाहून घेतले.

परत आल्यावर पहिले काम काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि पुढे कॅमेरा मांडून ठेवला. दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. ती सलग दाखवली तेव्हा दाणा फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसला. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. या कामात सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोके पाडायला, धुण्याची रसायने कालवायला शिकल्या. त्यांची शाळा घरातच झाली, पण शिकवणारे माणूस शेजारी होते.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच घडवायचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी हाताखालच्या मंडळींना घेऊन दोन वर्षांत कॅमेरा पुरा केला.  पण दोन भाऊ एकमेकांचे काम पाहत, चूक दाखवत, हे विसरू नये.

यावरून मला एकच गोष्ट सांगायची आहे. शाळेत शिकला की घरी शिकला, यावर फारसे अडत नाही. आपली चूक रोज कुणी दाखवते का, यावर अडते. तिफण धरायला आपण कुठल्या शाळेत गेलो? पण तास वाकडे गेले की मागून वडील ओरडत होते. चाड्यावर मूठ धरताना दाणे जास्त सुटले की आई हात धरत होती. मोबाईलवरचा शिकवणारा चांगले सांगतो, पण तुमचा फोटो तो पाहत नाही. मामांच्या बोलण्यात तेवढी उणीव आहे.

पूर्वी हे काम रोलच करत असे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, धुण्याचा खर्च निराळा. फोटो वाया गेला की पैसा गेला, म्हणून माणूस बटण दाबण्याआधी विचार करी. आता हजार फोटो फुकट निघतात आणि वाईट निघालेले पुसले जातात. त्याबरोबर धडाही पुसला जातो. म्हणून मुलाला सांगा, सहा महिने एकही फोटो पुसायचा नाही. प्रत्येक फोटोच्या माहितीत उजेड किती वेळ घेतला, भिंगाचे तोंड किती उघडे होते, हे कॅमेरा आणि मोबाईल आपोआप नोंदवतात. रात्री बसून ते वाचायचे आणि वहीत लिहायचे.

समजायला फार अवघड नाही. शेताला पाणी देताना दारे किती उघडले आणि किती वेळ ठेवले, यावर वाफा भरतो. कॅमेऱ्यातही तसेच. भिंगाचे तोंड म्हणजे ॲपर्चर, उघडे ठेवायचा वेळ म्हणजे शटर. तोंड एफ ४ वरून एफ ५.६ वर नेले की उजेड निम्मा होतो, मग वेळ दुप्पट द्यावा लागतो. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे थोड्या उजेडात भागवून घ्यायची ताकद. ती फार वाढवली की फोटोत दाणे दिसतात.

एक घरचा प्रयोग सांगतो. काळ्या म्हशीने चौकट भरून फोटो काढा, मग पांढऱ्या बैलाने चौकट भरून काढा. म्हैस राखाडी दिसेल आणि बैलही मळकट दिसेल. कॅमेरा सगळे जग मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो, म्हणून असे होते. बैलासाठी उजेड थोडा वाढवावा, म्हशीसाठी कमी करावा. हे ज्याला कळले त्याला लग्नातले पांढरे धोतर आणि काळी शेरवानी दोन्ही साधता येतात.

आणि हे शिक्षण केवळ लग्नाच्या ऑर्डरीसाठी नाही. २०२१ साली ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून पिकाचा फोटो आपणच काढू लागलो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात पुराने शेते खरवडून नेली, तेव्हा नुकसान दाखवायला फोटोच हाताशी होता. असा फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्यावा. पहिला फोटो लांबून, विहीर किंवा बांधावरचे झाड दिसेल असा. दुसरा मधून. तिसरा जवळून, शेजारी हात ठेवून, म्हणजे खोली आणि आकार कळतो. घरात एकाला हे नीट आले तरी गावाच्या उपयोगी पडते, मग तो मुलगा असो की मुलगी.

मग शाळा नकोच का? तसे नाही. स्टुडिओतले दिवे, रंगांची पारख, छपाई, गिऱ्हाइकाशी हिशेब, या गोष्टी एकट्याने शिकायला वर्षे जातात. नोकरीसाठी प्रमाणपत्रही लागते. सरकारी आयटीआयच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रणाचा व्यवसाय आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी नसतो, म्हणून आधी चौकशी करावी. खासगी वर्ग असेल तर एक दिवस जाऊन बसावे. किती मुलांत किती कॅमेरे आहेत ते मोजावे. मागच्या वर्षीच्या मुलांचे काम पाहावे. आणि शिक्षक प्रत्येकाचा फोटो पाहून चूक सांगतात का, हे जरूर विचारावे. सांगत नसतील तर ती फी वाया गेली समजा.

आता म्हशीचे. दुभती म्हैस विकू नये. पहिले सहा महिने घरचा मोबाईल पुरे. त्यानंतर मुलाने एखाद्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली एक लग्नसराई काढावी, दिवे धरावेत, बोलणी खावीत. तोवर त्याची वही भरली असेल आणि "मला हे हे अडते" असे तो नेमके सांगू शकत असेल, तर त्या अडलेल्या गोष्टीसाठी पुण्याला खुशाल पाठवा. फी तोवर दुधाच्या पैशातून थोडी थोडी बाजूला पडलेली असेल. वही कोरीच राहिली, तर महागाच्या कॅमेऱ्यानेही ती भरणार नाही.