कोकराने काय खाल्ले?

पुण्यात काही मटणाच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी असते. मटण मेंढीचे आहे, बोकडाचे नाही, एवढे ती सांगते. दुसऱ्या दुकानावर 'हलाल' लिहिलेले असते. जनावर कसे कापले, ते त्यावरून कळते. पण ते काय खाऊन वाढले, हे कुठलीच पाटी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

खरे तर मांसाचा कस बराचसा चाऱ्यावर ठरतो. मेंढीची चरबी घट्ट का असते? तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातली बहुतेक असंतृप्त स्निग्धाम्ले संतृप्त करून टाकतात म्हणून. त्यांच्या तावडीतून जे सुटते ते मांसात उतरते. हिरव्या गवतात ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल असते. त्यामुळे कुरणात चरलेल्या कोकराच्या मांसात ते मक्याच्या भरड्यावर पोसलेल्या कोकरापेक्षा जास्त सापडते. जवसाच्या तेलात तर निम्म्याहून अधिक वाटा याच आम्लाचा. म्हणजे कुरण तुटल्यावर जे गेले, त्यातले थोडे जवस परत देऊ शकते.

मात्र 'तेलबिया चारा' म्हणजे हाताला लागेल ती पेंड नव्हे. कारखान्यात द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत जेमतेम एक टक्का तेल उरते. तिच्यातून प्रथिने मिळतात, चरबीचा पोत बदलत नाही. उलट तेल जास्त झाले तरी बिघडते. कोरड्या खाद्यात एकूण स्निग्धांश ५-६ टक्क्यांवर गेला की तंतुमय चारा नीट पचत नाही. सरकीतले गॉसिपॉल कोवळ्या कोकरांना बाधते. ओल लागलेल्या शेंगदाणा पेंडीवर विषारी बुरशी येते. आणि असंतृप्त चरबीचे मांस लवकर खवट होते, म्हणून खाद्यात ई जीवनसत्त्वही लागते. शिवाय जवसाचे ओमेगा-३ माशातल्यासारखे नसते. उद्या कोणी 'ओमेगा मटण' औषध म्हणून विकू लागला, तर त्याच्या नादी लागू नये.

मग मेंढपाळ जवस का घालत नाही? कारण त्याला त्याचा मोबदला मिळत नाही. चराऊ राने आक्रसत चालली आहेत आणि कोकरे गोठ्यात येत आहेत. बाजारात व्यापारी पाठीवर हात फिरवून, अंदाजे वजन धरून भाव करतो. महाग जवस घातलेले कोकरू आणि स्वस्त भरड्यावर फुगवलेले कोकरू एकाच भावात जाते. अशा बाजारात धनगराने कस सांभाळावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ज्ञानाची वानवा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे वाणही दिले आणि जुळी कोकरे देणारी सुवर्णा मेंढीही. तेलबिया आणि मेंढी एकाच आवारात नांदू शकतात. वानवा आहे ती विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची.

आपल्या समाजाने तरी हा प्रश्न परका मानू नये. फिकहमध्ये 'जल्लाला' ही संज्ञा आहे. घाण खाणारे जनावर काही दिवस बांधून, स्वच्छ चारा घालून मगच खावे, असे फुकहांनी सांगितले. खाल्लेले मांसात उतरते, हे त्यांनी प्रयोगशाळा नसताना ओळखले होते. आपण मात्र 'हलाल'पाशी थांबलो आणि त्याच्या जोडीने येणारा 'तय्यब' हा शब्द विसरलो.

कुर्बानीचे जनावर घेताना आपण दात पाहतो, कान पाहतो, लंगडते का ते पाहतो. विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: याला काय चारले? आणि उत्तर पटले, तर त्याच्या जवसाचे चार पैसे घासाघीस न करता द्यावेत. धनगराच्या दावणीला जवस यायचे असेल, तर ते अशाच पैशातून येईल.