नाव एक, कार्डं दोन

दोस्तांनो, गेमसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय? मग नुसत्या नावावर जाऊ नका. एनव्हिडियाचं 'जीटीएक्स १०६०' २०१६ साली आलं. जुलैत ६ जीबीचं, ऑगस्टमध्ये ३ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा, असं वाटतं ना? तसं नाही बरं का! चित्रांची आकडेमोड करणारे छोटे गणक ६ जीबीच्या कार्डात १२८०, तर ३ जीबीच्या कार्डात ११५२. म्हणजे चक्क १० टक्के कमी. करून बघा गणित!

हलके गेम दोन्हींवर छान चालतात. पण मोठ्या गेममधली झाडं, भिंती, चेहरे ३ जीबीत मावले नाहीत, की ते संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावे लागतात. ती वाट लांबची. मग ऐन शर्यतीत गाडी अडखळते! अगदी नव्या काही गेमना तर दोन्ही कार्डं पुरत नाहीत.

तेव्हा दुकानदार 'टेन-सिक्स्टी आहे' म्हणाला, की लगेच विचारा, "किती जीबी?" किमतीत थोडाच फरक असेल, तर ६ जीबीचं घ्या. जुनेच गेम खेळायचे असतील आणि ३ जीबीचं खूप स्वस्त मिळत असेल, तर आई-बाबांचे पैसे वाचवा!