पाण्याला थांबायला जागा हवी

मांडवीच्या मुखाशी वसलेल्या पणजीचा बराचसा भाग सखल आहे. मुसळधार पाऊस व भरती यांची गाठ पडली, की सांतिनेज खाडीतील पाण्याचा निचरा खोळंबतो आणि पाणी रस्त्यांवर येते. हा अनुभव जुनाच. संकट मात्र वाढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली.

२०१६ मध्ये पणजीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. रस्ते खणले गेले, वाहिन्या घातल्या गेल्या. परंतु भरतीच्या वेळी नदीच पाणी स्वीकारीत नसेल, तर गटार रुंद करून काय साधणार?

याचे उत्तर गोमंतकाच्या पूर्वजांनी खाजनशेतीत शोधले होते. मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. तोवर बांधाआडची सखल जमीन पावसाचे पाणी पोटात घेते. या बांधांची देखभाल सामुदायिक जबाबदारी मानली जाई. नियोजनाचे मर्म हेच आहे. खाजने व खारफुटी भरावाखाली गाडून वर पंप बसविणे म्हणजे तटबंदी पाडून पहारेकरी नेमण्यासारखे होय.

शहरालगतची जमीन मोकळी राखणे महाग पडते, हे खरे. तो भार एकट्या जमीनमालकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्याला वाजवी मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र ती किंमत आज शासनाने चुकविली नाही, तर उद्या सखल वस्तीतील रहिवाशांना ती दर पावसाळ्यात चुकवावी लागेल.