निवेदन देऊन भागत नाही

मोर्चा कचेरीवर जातो, शिष्टमंडळ तहसीलदारांच्या हाती निवेदन देते आणि छायाचित्र काढून परतते. निवेदनात नेमके काय मागितले होते, हे पुढे ना अधिकाऱ्याला आठवते, ना कार्यकर्त्याला. दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांनी तरी ही सवय मोडली पाहिजे. कारण लेखणीचे बळ कोणाच्या हाती असते, याचा धडा याच मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी घेतला आहे.

दौंडचा परिसर तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. फेरआकारणीने शेतसारा भरमसाट वाढला होता आणि शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडला होता. रोखा सावकार लिही, निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी आणि न्यायालय रोख्यातील अक्षर प्रमाण मानी. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे वह्या आणि रोखे जाळण्यात आले. त्यानंतर चौकशी आयोग बसला. रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, तो १८७९ च्या कायद्याने.

१८७७ च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी कामांवरील मजुरी कापली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली. त्याच वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणची माहिती जमवून सरकारकडे वृत्तान्त धाडले. लढा आणि लेखणी यांची अशी सांगड हवी.

आज मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी दौंड तालुक्यात येते. ‘नदी घाण झाली, कृपया लक्ष द्यावे’ एवढ्या मजकुराला केराची टोपलीच मिळणार. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, किती विहिरींचे पाणी बिघडले, हे कार्यकर्त्याने स्वतः फिरून मोजावे. पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहावे, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा आधार द्यावा, मागणी एकच व स्पष्ट करावी, उत्तराची मुदत घालावी आणि पोच घ्यावी. मुदत उलटल्यास त्या पत्रावर काय कार्यवाही झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. २००५ च्या कायद्यानुसार तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

सरकारला ‘मायबाप’ म्हणून आळवण्याचा काळ संपला. नागरिक हिशेब मागतो आहे, हे पत्राच्या पहिल्या ओळीपासून दिसले पाहिजे. असा कागद हाती असेल, तरच पुढच्या मोर्चाला कचेरीत जाब विचारता येईल.