गोळी एक, औषधे तीन

संध्याकाळी शहरातील कोणत्याही औषध दुकानात एक दृश्य हमखास दिसते. पन्नाशी ओलांडलेला ग्राहक खिशातून रिकामी स्ट्रिप काढतो, ‘हीच द्या’ म्हणतो आणि महिनाभराच्या गोळ्या घेऊन निघतो. डॉक्टरांची चिठ्ठी घरी असते, ती कधीची हेही आठवत नसते. गोळी कसली, असे विचारल्यास ‘बीपीची’ एवढेच उत्तर मिळते. त्या एका गोळीत दोन किंवा तीन औषधे असू शकतात, याची कल्पना अनेकांना नसते. संयुक्त औषधांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो.

अशा गोळ्या म्हणजे केवळ औषध कंपन्यांची विक्रीची क्लृप्ती, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. रक्तदाब वाढण्याची कारणे एकाहून अधिक असतात. त्यामुळे दोन भिन्न प्रकारची औषधे कमी मात्रेत दिल्यास एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा रक्तदाब अधिक उतरतो. गोळ्यांची संख्या घटली, की त्या घ्यायच्या राहून जाण्याचे प्रमाणही घटते. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत २०१९ मध्ये रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्यांचा आणि २०२३ मध्ये हृदयविकारासाठीच्या ‘पॉलिपिल’चा समावेश केला, तो याच कारणाने. भारतात १,९८१ रुग्णांवर झालेल्या ‘टॉपस्पिन’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या तीत तपासण्यात आल्या. तिन्ही जोड्या सारख्याच परिणामकारक ठरल्या आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला.

तेव्हा दोष गोळीत नाही. गोळीत काय आहे ते न कळण्यात आहे. आपल्याकडे एकाच ब्रँडच्या नावापुढे ‘एएम’, ‘एच’ अशी अक्षरे जोडून निरनिराळ्या गोळ्या विकल्या जातात. ‘एएम’ म्हणजे सोबत अॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे लघवी वाढविणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड. अक्षर बदलले, की औषधच बदलते. त्यातच कुटुंबाचे डॉक्टर एक गोळी देतात आणि हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या नावाची. दोन्हींत टेल्मिसार्टन असले, तरी नावे भिन्न असल्याने रुग्णाला संशय येत नाही. मग उठताना भोवळ येते, वयस्कर व्यक्ती न्हाणीघरात पडते आणि दोष अशक्तपणाला दिला जातो.

एकाच कुळातील औषधे एकत्र आली, तरी लाभ दुप्पट होत नाही. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र दिल्यास काय होते, हे २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘ऑनटार्गेट’ अभ्यासात तपासले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार रुग्णांना अधिक संरक्षण मिळाले नाही. उलट रक्तदाब फार उतरण्याच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरबरोबर व्हेरापामिल घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल यांची जोडी तर प्राणावर बेतू शकते.

घरातील साध्या वाटणाऱ्या वस्तूही यातून सुटत नाहीत. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाब वाढविते. टेल्मिसार्टन आणि लघवीचे औषध आधीपासून चालू असेल, तर तिने मूत्रपिंडावर गंभीर ताण पडू शकतो. ‘कमी सोडियमचे’ म्हणून आणलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तात ते साचू शकते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असताना याच गोळ्या अपायकारक ठरतात. अशा वेळी डॉक्टर एखादे औषध काही दिवस थांबवितात. परंतु संयुक्त गोळीतील एकच औषध थांबविणे शक्य नसते. म्हणून कोणते औषध चालू ठेवायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे लागते. धोके कळले म्हणून गोळी आपणहून बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे. बीटा ब्लॉकर अचानक सोडल्यास छातीत दुखणे उफाळून येते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो.

सरकारी पातळीवर संयुक्त औषधांची चर्चा झाली, ती मुख्यतः बंदीच्या अंगाने. केंद्राने मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ औषधे बंद झाली. अशास्त्रीय मिश्रणे हटविणे आवश्यकच होते. परंतु शास्त्रीय मिश्रणे रुग्णाने ओळखावीत कशी, या प्रश्नाकडे तेवढे लक्ष गेले नाही. औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम २०१८ मध्ये लागू झाला. त्यातून तीन किंवा अधिक घटकांची संयुक्त औषधे वगळण्यात आली. जेथे माहितीची गरज सर्वाधिक, तेथेच ही सवलत मिळाली.

नियम बदलेपर्यंत भिस्त माणसांवरच राहणार. डॉक्टरांनी चिठ्ठीत ब्रँडखाली घटकांची नावे लिहिणे, औषधविक्रेत्याने पर्यायी गोळी देताना घटक आणि मात्रा पडताळणे आणि रुग्णाने प्रत्येक भेटीत सर्व गोळ्यांच्या स्ट्रिप, दुखण्याच्या आणि आयुर्वेदिक औषधांसह, पिशवीत घालून नेणे, यांपैकी कशालाही फारसा खर्च येत नाही. दुकानात ‘हीच द्या’ म्हणण्याआधी ‘हीत काय आहे?’ एवढे विचारले, तरी अनेक अपघात टळतील.