कामाकुराचा एक दिवस
तीन बाजूंस डोंगर व चौथीस सागर अशा निसर्गदत्त तटबंदीमुळे मिनामोतो योरितोमोने बाराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लष्करी अंमलाचे ठाणे केलेल्या, तोक्योहून रेल्वेने सुमारे तासाभराच्या कामाकुरास जो प्रवासी एका दिवसाची सवड काढून जाईल, त्याने किता-कामाकुरा स्थानकावर उतरून १२८२ साली स्थापिलेल्या एंगाकुजी विहारापासून आरंभ करावा. मात्र हासे येथील अमिताभ बुद्धाच्या कांस्यमूर्तीसाठी, जी सभोवतालचे मंदिर वादळे व समुद्राच्या लाटा यांत नष्ट झाल्यापासून पाच शतके ऊनपाऊस सोशीत तितक्याच प्रसन्न, निश्चल मुद्रेने उघड्या आकाशाखाली बसली आहे, दुपारचा निवांत वेळ आधीच राखून ठेवावा. इतर देवळे राहिली तरी हरकत नाही. मूर्तीच्या आवाराचे दरवाजे सायंकाळी पाचाच्या सुमारास बंद होतात.